पाण्यात धरणारा ब्रेक

बाई असून लेथ चालवता, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. लेथला काय कळतंय समोर कोण उभं आहे ते? टूल नीट घासलेलं असावं, हात स्थिर असावा आणि शेजारी वायफळ बडबडणारं कुणी नसावं, एवढं त्याला पुरतं. बारावीत गणितात माझी दांडी उडाली त्या वर्षी, म्हणजे पंच्याण्णव साली, मी अप्पांच्या दुकानात उभी राहिले ती आजतागायत उभी आहे. अप्पा म्हणजे माझे वडील, बसलिंगाप्पा. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं मशीन शॉप. दोन लेथ, एक ड्रिल आणि भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर. मूळचे आम्ही कागलच्या पलीकडचे, त्यामुळं घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. बसलिंगाप्पाला मुलगा नाही म्हणून पवित्रा दुकानात आली, असं लोक सांगायचे. खोटं आहे. मला लोखंड आवडायचं म्हणून मी गेले.

दुसरी आवड सायकलवरून घाट चढायची. उद्यमनगरला सोमवारी सुट्टी. सोमवार उजाडला की मी कधी पन्हाळ्याला, कधी जोतिबाला, कधी थेट गगनबावड्याला जाऊन यायची. पुण्याच्या एका शर्यतवाल्याकडून घेतलेली जुनी रेसिंग सायकल होती माझ्याकडं, वाकड्या हँडलची, बारीक टायरची, अंगानं पोलादी. चढावर मला गाठेल अशी पोरगी जिल्ह्यात नव्हती. हे मी फुशारकीनं सांगते आहे, आणि का सांगू नये?

अप्पांनी मात्र ना माझ्या लेथकामाचं कधी कौतुक केलं, ना सायकलचं. काम चुकलं तर त्यांचा आवाज चौकातल्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा. काम बरोबर आलं तर ते गप्प बसून पुढचा जॉब हातात घ्यायचे. मी किती वेळा मुद्दाम त्यांच्यासमोर मायक्रोमीटर ठेवला असेल, की बघा, मापात आहे. ते मायक्रोमीटर उचलायचे, पुसायचे आणि पेटीत ठेवून द्यायचे.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये आमच्या पेठेतल्या तालमीनं मलकापूर ते साखरपा अशी सायकल शर्यत ठेवली. मलकापुरातून आंब्यापर्यंत चढ, आणि तिथून आंबा घाटाचा उतार, सरळ कोकणात. पोरींचा गट वेगळा. चढावर मी सगळ्यांना मागं टाकलं. माथ्यावर धुकं, पाऊस आणि मी एकटी.

आता ब्रेकचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या रेसिंग सायकलला चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमेवर, दोन बाजूंनी रबरं येऊन आवळतात. कोरड्या रस्त्यावर झकास काम. पण पावसात ती कड रस्त्यावरचं सगळं पाणी घेऊन फिरते, आणि रबर आधी ते पाणी पुसत बसतं. पुसून होईपर्यंत वळण आलेलं असतं. माझं तसंच झालं. दोन्ही मुठी आवळल्या, बोटं दुखली, आणि सायकल आपली निवांत कठड्याकडं निघालेली. कठडा होता म्हणून ही गोष्ट सांगायला मी आहे. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि गुडघ्याची सालटी निघाली.

अप्पा मलकापूरच्या दवाखान्यात आले. माझ्याकडं बघितलं, डॉक्टरांशी बोलले, आणि बाहेर टेम्पोत टाकलेल्या सायकलीजवळ जाऊन उभे राहिले. खिडकीतून मला दिसत होतं. रिमेवरून बोट फिरवत होते, रबरं वाकवून बघत होते. मला इतका राग आला! पोरगी आत कण्हते आहे आणि हा माणूस रबरं बघतोय. ते परत आत आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. लेथवर तास तास न हललेले हात. मग माझा राग गेला.

"रबर चांगलं हाय," ते म्हणाले. "ब्रेकच चुकीचा हाय. आता घाट बंद."

हाड जुळलं, मी पुन्हा लेथवर उभी राहिले, पण सायकल दुकानाच्या लोखंडी तुळईला साखळीनं टांगलेली. रोज डोक्यावर लटकायची. मी भांडले, अबोला धरला, जेवण टाकलं. आमची अव्वा, म्हणजे आई, तर म्हणाली, "ती सायकल भंगारात घाला आणि दोगं बी माणसांत या." शेवटी दिवाळीनंतर एकदा अप्पांनी लेथ बंद केला आणि माझ्याकडं तोंड केलं.

"पाण्यात धरणारा ब्रेक कर. मी बगणार. धरला तर जा कुठं जायाचं तिथं. न्हाय धरला तर सायकलचं नाव काढायचं न्हाय."

"करतो," मी म्हणाले. आमच्या कोल्हापुरात पोरीही 'करतो'च म्हणतात. त्यात ठसका असतो.

म्हणाले खरी, पण करायचं काय, ते काही सुचेना. रबरं बदलून बघितली, रिम खरवडून बघितली. मग एके दिवशी एक गिऱ्हाईक नवी मोटारसायकल घेऊन आलं. आमच्या दुकानासमोर पाइप फुटून तळं झालं होतं, ते त्या पाण्यातून भर वेगात आलं आणि दारात टचकन थांबलं. मी वाकून बघितलं. पुढच्या चाकाच्या मध्यावर लोखंडी चकती, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत पकडणारा एक ठोकळा. डिस्क ब्रेक. चकती रस्त्यापासून उंच, पाण्यापासून लांब, आणि चिमटा असा घट्ट की राहिलेलं पाणी पिळूनच निघावं. मोटारसायकलला जमतं तर सायकलला का नाही?

सायकलचे डिस्क ब्रेक तेव्हा नव्हतेच असं नाही. डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकलींना यायला लागले होते. पण रेसिंग सायकलला तसा ब्रेक मी कधी बघितला नव्हता, आणि कुणाकडून ऐकलाही नव्हता. चौकातला सायकलवाला गुंडूतात्या अप्पांचा जुना दोस्त. मी त्याला सांगितलं तर तो हसत सुटला.

"अगं, तुझ्या सायकलचा चिमटा बोटाएवडा बारीक," म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. "त्येला एका बाजूनं डिस्क आवळलीस तर पिळवटून जाईल की."

"मग जाड चिमटा करू."

"वजन वाढंल."

"पायात दम हाय माझ्या."

तात्या डोकं खाजवत राहिला. महिन्याभरानं मात्र तोच पुण्याहून डोंगरी सायकलचा एक जुना कॅलिपर, म्हणजे तो चिमटीचा ठोकळा, मागवून माझ्या बाकावर आपटून गेला. "घे. पर मी काय सांगितलं न्हवतं म्हणू नगंस."

उद्यमनगरात एक जॉब एका दुकानात पुरा होत नाही. टर्निंग आमच्याकडं, खाच पाडायला शेजारी, ग्राइंडिंगला पलीकडच्या गल्लीत, वेल्डिंगला कोपऱ्यावर. जॉब असा हिंडतो आणि जिथं जाईल तिथं त्याच्यावर मत दिलं जातं. माझ्या ब्रेकवर तर सगळ्या उद्यमनगरानं मत दिलं. कुणी म्हणालं चकती बिडाची कर, आपल्याकडं काय ओतकामाला तोटा आहे? कुणी म्हणालं पितळेची कर, देखणी दिसेल. एकानं विचारलं, "व्हय ताई, एवडा कुटाणा करण्यापरीस हळू चालवली तर?" त्याला मी असं बघितलं की त्यानं ग्राइंडिंग फुकट करून दिलं.

चकती मी स्टेनलेसची केली. हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, अखंड ॲल्युमिनियमच्या बारमधून काढला, चकती बसवायला डाव्या बाजूला बैठक ठेवून. पहिला हब फार जड झाला, दुसऱ्याला आटे चुकले, तिसरा जमला. जुन्या चाकाच्या तारा हबातून सरळ रिमेकडं जायच्या. ब्रेक मध्यावर लागला तर त्या सरळ तारांना पीळ सोसणार नाही, म्हणून तात्यानं सगळं चाक उसवून तारा एकमेकींवरून तिरक्या ओवल्या. चिमट्याला कॅलिपरचा पत्रा वेल्ड करून दुकानासमोरच्या गल्लीत पहिली फेरी मारली, तर तात्याचं खरं झालं. चिमट्याचा डावा पाय मागं वाकला आणि सायकल गटाराकडं ओढली. तात्या दाराशी उभा होता. त्याच्या मिशाच बोलत होत्या. मग दोन्ही पाय जाड नळीचे नवे केले.

पण सगळ्यात छळलं ते त्याही आधी, कॅलिपरच्या दांडीनं. रेसिंग सायकलची ब्रेकची मूठ वायर थोडीच ओढते. डोंगरी कॅलिपरला जास्त ओढ लागते. मूठ हँडलला टेकायची तरी चकती मोकळीच. आठवडाभर मी वायर बदलत बसले, मग एकदा जेवताना डोक्यात आलं की दोष वायरचा नाही. कॅलिपरच्या दांडीला वायर जिथं जोडतात, ते भोक मधल्या खिळीच्या जवळ आणलं, तर तेवढ्याच ओढीत दांडी जास्त फिरेल. भाकरी तशीच टाकून मी दुकानात पळाले, दांडी कापली, नवं भोक पाडलं, मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

अप्पा हे सगळं बघत होते. महिन्यामागून महिने माझ्या शेजारच्या लेथवर उभे राहून त्यांनी एक शब्द काढला असेल तर शपथ. एकदा फक्त त्यांनी सायकल एका हातानं उचलली, तोलली आणि म्हणाले, "जड झालंय." बास.

दोन हजार चारच्या जुलैत ब्रेक तयार झाला. पुढं डिस्क, मागं जुना रबरी ब्रेकच, कारण उतारावर खरं काम पुढच्याला असतं. तालमीची शर्यत पुन्हा ऑगस्टमध्ये होती, त्याच रस्त्यानं. अप्पा म्हणाले, सोमवारी पन्हाळ्याच्या उतारावर बघू. रविवारी संध्याकाळी मी सायकल बाकाला टेकवून घरी गेले. दुकान अप्पांनी बंद केलं.

सोमवारी पाऊस धो धो. मला आनंदच झाला, हवा होताच. तात्याच्या टेम्पोतून सायकल वर नेली. अप्पा आणि तात्या खालच्या वळणावर छत्री घेऊन उभे राहिले. मी वरून सुटले. चाकांचा आवाज, पाण्याचे फवारे, वर्षभरानं अंगात आलेली ती भिरभिर. वळणाच्या अलीकडं ऐटीत पुढची मूठ दाबली.

काही झालं नाही. आवळलं, आणखी आवळलं. चकती कॅलिपरमधून अशी सरकत होती की तिला कुणी धरतंय याचा पत्ताच नव्हता. मागचा ब्रेक दाबला, पाय रस्त्यावर घासला, आणि वळण सोडून शेजारच्या गवतात घुसून कशीबशी उभी राहिले. अप्पांच्या हातातली छत्री खाली पडली होती. ती पावसात उलटी होऊन फिरत होती आणि ते तिच्याकडं बघतही नव्हते.

"झालं," ते एवढंच म्हणाले, आणि टेम्पोकडं चालायला लागले.

मला रडू आलं नाही. मला संताप आला. आठ महिने गल्लीगल्लीतून हिंडवलेला जॉब, प्रत्येक मापाची मला खात्री. गल्लीत धरत होता, इथं का नाही? मी तिथंच चिखलात बसले आणि चकतीवर बोट फिरवलं. बोट घसरलं. पाण्यानं घसरतं तसं नाही. नाकाशी नेलं. स्पिंडल ऑइल, मशीनचं तेल.

"तात्या!" मी ओरडले. "तेल कुणी लावलं ह्येला? तुम्ही व्हय? हबात तेल सोडताना सांडलं असंल!"

"देवाशप्पत न्हाय! मी शनवारपासनं हात लावला न्हाय सायकलला!"

"मग कुणी? डिस्कला तेल? माणूस हाय का कोण? जीव गेला असता माझा!"

अप्पा टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवून थांबले होते. वळले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. चोरी पकडल्यासारखं नाही, घर जळाल्यासारखं तोंड.

"मी लावलं," ते म्हणाले. "काल. दुकान बंद करताना."

 मला एका क्षणात सगळं कळलं, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून आमच्या दुकानाची रीत सांगते. आमच्या दुकानातून जॉब कोरडा जात नाही. पूर्ण झालेला जॉब अप्पा शेवटी हातात घेतात, फिरवून फिरवून बघतात, आणि मनाला पटला तरच बुधलीतून तेल घेऊन स्वतःच्या तळव्यानं त्याला सगळीकडून चोळतात. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाला. अप्पांचा तेलाचा हात फिरला म्हणजे जॉब पास, हे आख्ख्या उद्यमनगराला माहीत आहे. नऊ वर्षांत माझ्या एकाही जॉबवरून तो हात फिरला नव्हता. "तुजं तू पुसून घे," म्हणायचे, आणि मी कॉटन वेस्टच्या बोळ्यानं पुसून घ्यायची.

"तेल लावल्यावर धरणार न्हाय, हे मला कळाय नगं व्हतं व्हय?" अप्पा म्हणत होते. माझ्याशी नाही, पावसाशी बोलावं तसे. "हातात घेतली. फिरवली. एवडीबी थरथर न्हाय चकतीला. काय जॉब केलाय, म्हटलं. आणि हात गेला बग. हात गेला."

बापानं केलेल्या एका गाढवपणामुळं मी मरता मरता वाचले होते, आणि चिखलात बसून मला हसू येत होतं, आनंदानं. इतका आनंद मला आजवर कुठल्या ढालीनं दिलेला नाही.  पण तेव्हा मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आता पॅड कोण देणार? तुमी?"

कारण खरी पंचाईत तीच होती. चकतीवरचं तेल धुता येतं. पण कॅलिपरमधली, चकतीला आवळणारी छोटी पॅडं तेल पिऊन बसली होती आणि पुण्याहून दुसरी यायला शर्यत उलटून गेली असती.  दुसऱ्या दिवशी अप्पा दुकानात आले, मोटारसायकलचं ब्रेक पॅड करवतीनं कापलं आणि बाकावर बसून कानशीनं घासायला लागले. लेथला गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना मी हाताळलं. नखाएवढे दोन तुकडे, पण मापात बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग ब्रेकचे लायनर चिकटवणाऱ्याकडून ते जुन्या पॅडांच्या पत्र्यांवर भाजून आणले. चकती त्यांनी पेट्रोलनं, मग साबणानं, मग गरम पाण्यानं धुतली, आणि कुणी जवळ गेलं तरी खेकसत होते, "हात लावू नगा!"

पुढच्या सोमवारी पुन्हा पन्हाळा, पुन्हा पाऊस. मी सायकल टेम्पोतून उतरवली तर अप्पांनी हँडल धरलं.

"आदी मी."

"तुमी? अप्पा, ही तुमची जॉब पोचवायची सायकल न्हाय."

"पॅड मी केलंय," ते म्हणाले. "आदी मी."

त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. साठी ओलांडलेला माणूस, अंगात सदरा-लेंगा, डोक्यावर टोपी, वाकड्या हँडलवर ताठ बसून वर निघून गेला, आणि मी तात्याशेजारी वळणावर उभी राहिले, गेल्या सोमवारी ते उभे होते तिथंच. धुक्यात काही दिसेना. मग टोपी दिसली, मग ते दिसले, वेगात. इतक्या वेगात कशाला, हळू या की, हळू या की, असं मी म्हणत होते. मलकापूरच्या दवाखान्यात त्यांचे हात का थरथरत होते ते मला त्या वळणावर कळलं. कुणी समजावून सांगितलं असतं तर कळलं नसतं.

त्यांनी मूठ दाबली. सायकल थांबली. घसरली नाही, ओढली नाही. चकतीतून बारीक शिट्टी आली आणि चाक उभं राहिलं. अप्पांनी एक पाय टेकला, टोपी काढून पिळली, परत घातली.

"धरतोय," ते म्हणाले. आणि मी "द्या इकडं" म्हणायच्या आत सायकल वळवून पुन्हा वर निघाले. तीनदा गेले. तिसऱ्यांदा तर मुद्दाम डबक्यातून घालून आणली. पठ्ठ्याला मजा येत होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

ऑगस्टमध्ये मलकापुरात तालमीच्या पंचांनी माझ्या पुढच्या चाकाभोवती गर्दी केली. एकानं विचारलं, ही काय भानगड? मी म्हटलं, ब्रेक हाय, नियमात बसत नसलं तर नियम दाखवा. नियम कुणाला सापडेना. सुटलो. चढावर सायकल जड लागत होती, अप्पा खोटं बोलले नव्हते, पण आंब्याच्या माथ्यावर पुन्हा मीच पुढं होते.

उतार सुरू झाला आणि माझी फजिती सुरू झाली. ब्रेक उत्तम होता. हातच भित्रा निघाला. मागल्या वर्षी पडले होते ते वळण अजून लांब असतानाच मी मूठ आवळली, आणि त्या ब्रेकनं असं धरलं की मी जवळजवळ उभीच राहिले. ते वळण मी चालत गेल्यासारखी पार केलं. अप्पा तिथं उभे असतील असं मला वाटत होतं, पण नव्हते. सोडलं, पुन्हा आवळलं. मागून दोन पोरी आल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी पाणी उडवत पुढं गेल्या. मला सगळं कळत होतं. ब्रेक धरणार आहे हे माहीत होतं, मीच केला होता. तरी बोटं मुठीवरून सुटत नव्हती.

दोन वळणं खाली अप्पा दिसले. कठड्याशी दहा-पंधरा माणसं जमली होती, घाटात चहा प्यायला थांबलेले ट्रकवाले, साखरप्याकडची माणसं, आणि मधोमध अप्पा, बिनछत्रीचे. हातवारे करून सांगत होते. मी इतकी हळू चालले होते की मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पावणं, परदेशी कशाला असंल? उद्यमनगरात झालीया. माज्या पोरीनं केलीया, एकटीनं. हब तिनं काडला, डिस्क तिनं केली. असला जॉब मला बी जमला नसता, आणि मी चाळीस वर्सं लेथवर हाय. आता येईलच बगा ती. आली की बगा कशी…"

आणि मग त्यांना मी दिसले. रांगत येणारी.

त्यांचा चेहरा बदलला. जॉब चुकल्यावर व्हायचा तसाच झाला, आणि चहाच्या गाड्यापर्यंत जाणारा तो आवाज आंबा घाटात घुमला.

"अगं सोड की ब्रेक! धरतोय म्हणून काय धरूनच बसतीस व्हय? सोड! जाऊ दे खाली! सोड म्हणतो न्हवं!"

वर्षभर मला घाट बंद करून बसलेला माणूस तो. माझी बोटं आपोआप सुटली. कानात वारं शिरलं, अप्पा मागं गेले, त्यांच्या आरोळ्या मागं गेल्या, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर त्या दोघी पोरींच्या पाठी दिसायला लागल्या, मग मोठ्या व्हायला लागल्या. खाली वळण होतं. त्यांनी ब्रेक दाबले, त्यांची रबरं पाण्यात किंचाळली. मी त्यांच्या बरोबरीला आले. मी अजून दाबला नव्हता.